खोका सत्तेचाळीस

वूस्टर, ओहायो. मार्च सरत आला,
तरी वाचनालयाच्या मागच्या अंगाला काळपट बर्फ अजून चिकटून.
वेंडेल ओबरहोल्झर गेले त्याला आज तेरा दिवस.
आमच्यात तेराव्याला गोड करतात.
डब्यात दोन बेसनवड्या आहेत,
आणि मी तळघरात त्यांच्या खोक्यांसमोर बसलेय.

एकशे बारा खोकी.
एका चळवळीचा सगळा संसार:
जांभळी शाई विटलेली पत्रकं,
चर्चमधल्या सभांचे हिशेब,
कॉफी चार डॉलर, खुर्च्यांचं भाडं दोन,
वक्ता आला नाही.
हे शेवटचं त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं.
इतिहास इथे असतो, म्हणायचे,
न आलेल्या वक्त्याची वाट बघत बसलेल्या एकोणीस माणसांत.

पुढाऱ्यांत त्यांचं मन रमत नसे.
लव्हिना क्लाइनबद्दल मात्र तासभर बोलत,
जिनं सव्वीस वर्षं स्वयंपाकघराच्या टेबलावर
वार्तापत्राला पिना मारल्या
आणि जिचं नाव एकाही अंकात छापलं गेलं नाही.
तिचा स्टेपलर खोका नऊमध्ये आहे.
अजून चालतो.

माझं त्यांचं पटायचं नाही.
मी कुणाला मत देते ते त्यांना ठाऊक होतं, मला त्यांचं;
एकमेकांना सुधारायचा नाद
आम्ही पहिल्या हिवाळ्यातच सोडला.
एकदा मात्र मी चिडून म्हटलं,
तुमच्या माणसांनी जुनं जपलं म्हणता,
मग दार कुणाच्या तोंडावर लावलं तेही सांगा की.
ते बोलले नाहीत. गुडघा धरत उठले,
खोका सत्तेचाळीस काढला.
सगळ्यात वर एक पत्र, साल एकसष्ट,
ओडेसा प्रूइट, शाळेतल्या बाई:
"आपल्या व्याख्यानाला आले होते.
दारातले गृहस्थ म्हणाले, जागा नाही.
खिडकीतून मला सात रिकाम्या खुर्च्या दिसल्या."

हे तळाशी होतं, ते म्हणाले, मी वर ठेवलं.
पुस्तकाचं तिसरं प्रकरण या पत्रानं सुरू केलं
तेव्हा निम्मे मित्र गेले.
आणि चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

एका दुपारी विचारलं, तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात?
पुराणमतवादी, मी म्हटलं.
फोड करून मागितली. पुराण. मत. वादी.
तिन्ही तुकडे चाखले, तोंड कडू केलं.
हा शब्द आमच्या विरोधकांनी घडवलेला दिसतो.
दुसरा शोधा.
शोधते म्हटलं, आणि राहून गेलं.

परवा पेपरात मृत्युलेख आला.
पहिलं पुस्तक चुकीच्या सालात टाकलंय,
आणि त्यांना म्हटलंय चळवळीचे प्रवक्ते.
दुसऱ्यांच्या मृत्युलेखांतल्या चुका
हयातभर पोस्टकार्डानं कळवणारा माणूस,
त्याच्या चुका आता कोण कळवणार?
मी कात्रण कापलं. पेन्सिलीला टोक केलं.
साल सुधारलं.
प्रवक्ते या शब्दावर काट मारून समासात लिहिलं, साक्षीदार.
मग हात अडला.
साक्षीदाराला तरी सगळं कुठे दिसतं?
त्यांनाही काही दिसलं नसेल, काही बघवलं नसेल.
असू दे. पेन्सिलच आहे,
उद्या कुणाला खोडावंसं वाटलं तर.

बेसनवड्या बाहेर पायरीवर बसून खाल्ल्या.
कागदांजवळ खायचं नाही, हा त्यांचाच नियम.
शब्द तिथे सापडला, उशिरा,
बोटांना तूप लागलेलं असताना.
जपणं.
वस्तू जपतात, शब्द जपतात, काहीजण वैरसुद्धा जपतात,
आणि निघालेल्या माणसाला
उंबऱ्यावरून आपण तोच शब्द बरोबर देतो.

वेंडेल, रस्त्यावर अजून बर्फ आहे.
जपून.